४६ पैकी ४ : खो-खोच्या एका तासाचं प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा. तीन दिवस धो धो कोसळून पावसाने जरा उघडीप दिली होती. आठवीचा शारीरिक शिक्षणाचा तास मधल्या सुट्टीनंतरचा. बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक घडवणाऱ्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाचा आमचा छात्राध्यापक मैदानावर आधीच हजर होता. पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात टाचणवही. खेळायला त्या दिवशी ४६ मुलं-मुली. खेळ खो-खो, घटक ‘एकेरी साखळी’, म्हणजे पळणाऱ्याने बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाणं. मैदानाच्या कडेला त्याच्या महाविद्यालयातून आलेले निरीक्षक खुर्चीवर बसले होते, आणि मी पडवीच्या पायरीवर.

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवतो. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मी एकटाच, भूगोलाचे तासही माझ्याकडेच. दरवर्षी एखाददुसरा छात्राध्यापक आंतरवासितेसाठी येतो. हा मुलगा जवळच्याच गावचा. शिकायला घाटावर, पण घराजवळची शाळा मिळाली म्हणून आमच्याकडे आला. कबड्डीचा चांगला खेळाडू, आवाज खणखणीत, वेळेचा पक्का.

तो तास निरीक्षकांना आवडला. आज्ञा स्पष्ट, रांगा सरळ, प्रात्यक्षिक बिनचूक, टाचण नीटनेटकं. गुण चांगले मिळाले. पहिली दहा मिनिटं मलाही तो तास चांगलाच वाटत होता. पण त्या दिवशी माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. वर्गातलं एकच मूल निवडायचं, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ते हललं की घड्याळ चालू, थांबलं की बंद. तास संपेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे बघायचं नाही. मी रांगेतली एक मधल्या उंचीची मुलगी निवडली. हुशार नाही, मागेही नाही, एरवी माझं लक्ष जिच्याकडे जात नाही अशी.

३५ मिनिटांच्या तासात ती ३ मिनिटं ४० सेकंद हलली. त्यातली तीन मिनिटं सुरुवातीच्या उत्तेजक व्यायामाची. उरलेले ४० सेकंद म्हणजे खो मिळाल्यावर एकदा उठून धावणं, आणि शेवटी रांगेत परत येणं.

आता हिशेब बघा. खो-खोत पाठलाग करणारा संघ नऊ जणांचा. त्यातले आठ चौकोनांत बसतात, एक धावतो. समोर पळणारे एका वेळी तीन. म्हणजे नियमाप्रमाणे मांडलेल्या एका मैदानावर एका वेळी चार जणं धावतात. आमच्याकडे मुलं ४६. आठ बसलेली, ३४ कडेला उभी, आणि ‘पुढचा नंबर कुणाचा’ हे सांगणारी शिट्टी. खेळ म्हणून खो-खो अस्सल आहे, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला तेव्हा पुरुष आणि महिला दोन्ही गटांत आपण जिंकलो, मुलांना त्याचं कौतुकही होतं. पण सामन्याची मांडणी जशीच्या तशी उचलून वर्गात आणली की ती शिकवण्याची मांडणी राहत नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाचा निदान निम्मा वेळ मुलांनी मध्यम ते जोमदार हालचालीत घालवावा, हा मापदंड जगभर वापरला जातो. आमची ती मुलगी त्याच्या आसपासही नव्हती.

आणि पाच मुली तर घड्याळाच्या हिशेबातच नव्हत्या. त्या माझ्या शेजारी पडवीत बसल्या होत्या. त्याने हजेरीवहीत त्यांच्यापुढे लिहिलं होतं : ‘आजारी ५’.

निरीक्षक गेल्यावर मी त्याला घड्याळ दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. मी मुद्दामच गुणांविषयी काही बोललो नाही. त्याची चूक अशी काढण्यासारखी नव्हतीच, तो शिकवल्यासारखाच वागला होता. त्याला जे शिकवलं गेलं ते मलाही शिकवलं गेलं होतं.

आपल्याकडे हा विषय शाळेत रुजला तो कवायतीच्या अंगाने. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, मद्रासचं वायएमसीए महाविद्यालय १९२० चं, कांदिवलीची सरकारी संस्था १९३८ ची. अशा संस्थांतून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा विषय गावोगाव नेला. एक शिक्षक, समोर शंभर मुलं, साहित्य नाही, अशा परिस्थितीत रांग, आज्ञा आणि सामुदायिक हालचाल हेच हाताशी होतं, आणि लेझीम नि कवायतीत शंभरच्या शंभर मुलं एकदम हलायची हेही खरं. अडचण पुढे झाली. तासात कवायतीच्या जागी खेळ आले, पण मांडणी आज्ञेचीच राहिली. शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं, नंबर आला की करायचं, परत रांगेत. आणि सरावपाठाचं निरीक्षण करणारे, त्यात मीही आलो, शिक्षकाकडे बघत राहिलो. मुलांकडे बघायचं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमावलीने बी.पी.एड. दोन वर्षांचं झालं, चार सत्रांचं. शाळेत राहण्याला जास्त वाव मिळाला हे मला फार मोलाचं वाटतं. पण वाढलेल्या दिवसांत छात्राध्यापक तेच पाठ जास्त संख्येने घेत असेल, तर दिवस वाढून काय साधलं?

मी त्याला म्हटलं, “खेळाचं तंत्र आधी, खेळ नंतर, असं का केलंस?”

तो म्हणाला, “सर, खेळ समजून शिकवायचा, बंकर आणि थॉर्प, १९८२. मला माहीत आहे. परीक्षेत उत्तर आलं होतं. दहापैकी आठ गुण होते.”

त्याने हे अगदी सरळपणे सांगितलं. बंकर आणि थॉर्प या दोघांनी मांडलेल्या त्या पद्धतीत आधी छोटा, सोपा खेळ देतात, खेळताना अडचण येऊ देतात, ‘कुठे वळलास? का वळलास?’ असं विचारतात आणि मग गरज पडली की तंत्र शिकवतात. हे तो जाणत होता. पण पाठाच्या टाचणात त्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून ते परीक्षेच्या पेपरातच राहिलं.

पुढच्या तासाला त्याने एका मैदानाची चार केली. आमची जमीन जांभ्याची, तांबड्या खडबडीत दगडाची, आणि पावसात फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी भुकटी, टिकत नाही. पहिल्या सरीत रेषा वाहून जातात. त्याने घरून सुंभ आणला आणि चार चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत अकरा-बारा मुलं. सहा बसलेली, एक पाठलागावर, तिघं पळणारी, एक-दोन जणं वेळ आणि बाद मोजायला, दर ४० सेकंदांनी जागा बदल. कागदावर छानच होतं. प्रत्यक्षात पहिली पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. एका चौकटीत भांडण, दुसरीत मुलांनी सुंभच ओढून नेला, तो बिचारा चारी बाजूंना धावतोय आणि शिट्टी कुणालाच ऐकू येत नाहीये. तास संपल्यावर म्हणाला, “पहिला तासच बरा होता, सर.”

मी घड्याळ दाखवलं. यावेळी निवडलेला मुलगा ११ मिनिटं हलला होता. गोंधळासकट.

त्यानंतर तो तक्रार न करता कामाला लागला. चौकटींचे प्रमुख नेमले आणि आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांना खेळ समजावून दिला. जागा बदलायची खूण म्हणजे दोन टाळ्या. त्या ऐकू येतात आणि त्यांची धास्ती वाटत नाही. सुंभ जमिनीला दगडांनी धरून ठेवला, पायात अडकू नये म्हणून फक्त चौकटीच्या बाहेरच्या कडेला. आठवड्याभरात आकडा १४ मिनिटांवर गेला.

पाच मुली मात्र पडवीतच.

आता मला माझ्याविषयी सांगायला हवं. ‘पोटात दुखतं’ म्हणून बसणाऱ्या मुली माझ्याही तासाला गेली कित्येक वर्षं बसत आल्या आहेत. मी पुरुष शिक्षक, खोलात विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मी ‘बसा’ म्हणत आलो. त्यात मुलींचा मान राखतो आहोत असंच मला वाटायचं. पण या मुलाने तीन आठवड्यांची हजेरी काढून माझ्यासमोर ठेवली. दर वेळी त्याच पाच जणी. पाचही जणींची पाळी एकदम सलग तीन आठवडे असणार नाही. एवढा साधा हिशेब इतक्या वर्षांत मी मांडलाच नव्हता.

त्याने आधी चुकीच्या पद्धतीनेच विचारलं. सगळ्यांसमोर, शिट्टी हातात धरून, ‘काय होतंय तुम्हाला?’ पाचही जणींनी माना खाली घातल्या. मुलांकडून हसण्याचा आवाज आला. तो गप्प झाला.

उत्तर मिळालं ते त्याच्याच घरी. रात्री जेवताना त्याने आईला सगळं सांगितलं. आईने एकच विचारलं, “तेंका गणवेश किती आसत?”

दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना त्याचा आवाज वेगळाच होता. कोकणातल्या पावसात कपडे वाळत नाहीत. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरात चुलीच्या वर दांडी बांधायची, तिच्यावर कपडे, त्यांना धुराचा वास. गणवेश एकच असेल, किंवा दुसरा आखूड झालेला असेल, तर मैदानावर जांभ्याच्या तांबड्या चिखलात बसून उठायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेत काय घालायचं? खो-खोत तर बसावंच लागतं. जांभ्याचा डाग पांढऱ्या सलवारीवरून धुऊनही जात नाही. तो म्हणाला, “सर, माझ्या बहिणीचं पण असंच होतं. मी रोज बघत होतो. पण टाचण लिहिताना ते डोक्यातच आलं नाही.”

मराठीच्या बाईंनी मुलींशी एकेकटीने बोलून खात्री करून घेतली. तिघींचं कारण हेच होतं. त्यातल्या एकीने वर ओढणीचाही प्रश्न सांगितला : “ओढनी खय ठेवची?” धावताना ती सुटते, काढून ठेवावी तर बाकीचे बघतात, खोचून घ्यावी तर खो देताना ओढली जाते. गणवेश ठरवणाऱ्यांनी हा विचार केला नसेल, पण धावणाऱ्या मुलीला तो रोज करावा लागतो.

मुख्याध्यापकांकडे जाऊन आम्ही दोन गोष्टी मागितल्या. शारीरिक शिक्षणाच्या दिवशी घरातला कोणताही टी-शर्ट आणि लेगिंग किंवा ट्रॅक पँट चालेल, आणि कपडे बदलायला मुलींना एक वर्गखोली दहा मिनिटं मिळेल. पहिल्या मागणीला ते लगेच तयार झाले नाहीत. शिस्त बिघडेल, भारीतले कपडे घालून येणारे आणि न येणारे असा भेद दिसेल, असं त्यांचं म्हणणं. भेदाची भीती खोटी नव्हती, हे मी मान्य केलं. शेवटी रंग ठरला : गडद, कुठलाही. गडद रंगावर चिखलही दिसत नाही. माजी विद्यार्थ्यांकडून जुने धड कपडे गोळा केले आणि ते ‘खेळाच्या सामानाच्या’ खोलीत, बॅटी-चेंडूंशेजारीच ठेवले, म्हणजे कपडा घेणं हे दान घेतल्यासारखं वाटू नये.

मधल्या काळात पावसाने पुन्हा जोर धरला आणि मैदान बंदच झालं. याच आठवड्यात एक मुलगा शेवाळावरून घसरला. गुडघा आणि कोपर जांभ्यावर घासून निघालं. जांभ्याचं खरचटणं कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. प्रथमोपचार पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली रजेवर असलेल्या लिपिकाकडे. पेटी माझ्या जबाबदारीची. छात्राध्यापकाने वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुतली, धुतलेल्या रुमालाने दाबून धरली, आणि मुलाला गाडीवर घालून आरोग्य केंद्रात नेलं. त्याने सगळं बरोबर केलं, चूक माझी होती. तेव्हापासून पेटी उघड्या फळीवर असते. पावसाळ्यात तासाआधी मैदान पायाने तपासून बघायचं, शेवाळ असेल तिथे ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं, आणि ते होईपर्यंत तिकडे कुणी जायचं नाही. महाविद्यालयात त्याला अस्थिभंगाचे प्रकार पाठ करायला लावले होते. पावसाळी मैदान कसं वाचायचं, ते कुठल्याच विषयात नव्हतं.

मैदान बंद म्हणून तास बंद, ही आमची जुनी सवय. पावसाळ्यात शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला जायचा. यंदा तो द्यायचा नाही असं ठरवलं. आमचं सभागृह म्हणजे तीन वर्गांमधली लाकडी पार्टिशनं काढून होणारी जागा. शेजारी नववीचा वर्ग चाललेला, म्हणजे आवाज करता येत नाही. त्याने शिट्टी खिशात घातली. हाताच्या खुणांवर तास घ्यायला शिकला, आणि मला वाटतं, शिक्षक म्हणून तो इथेच मोठा झाला. ओरडता येत नाही म्हटल्यावर मुलांच्या जवळ जावं लागतं, खाली वाकून एकेकाला सांगावं लागतं.

खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचण्यांपैकी आत होण्यासारख्या होत्या त्या त्याने इथे घेतल्या : उंची-वजन, पाठीवर झोपून अर्धं उठणं म्हणजे पार्शल कर्ल-अप, पुश-अप, बसून पुढे वाकणं. ५० मीटर आणि ६०० मीटर धावणं मैदान वाळेपर्यंत ठेवलं. पहिल्या दिवशी वजन मोठ्याने वाचून दाखवलं आणि एक जाडसर मुलगा दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिथे मी त्याला जरा कडक बोललो. वजनाचा आकडा मुलाचा स्वतःचा आहे, तो सगळ्या वर्गाला ऐकवायचा नसतो. पुढे वजनकाटा पार्टिशनच्या आड गेला आणि आकडा चिठ्ठीवर.

सभागृहातला एक तास मी विसरणार नाही. रस्सीखेच. त्याने टाचणात लिहिलं होतं, ‘शिक्षक प्रात्यक्षिक दाखवील’. दोरी हातात घेतली, आणि मग थांबला. आमच्या वर्गातली निम्मी मुलं कोळीवाड्यातली. पावसाळा संपला की त्यांच्या घरची माणसं रापण ओढतात, किनाऱ्यावर उभं राहून जाळ्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या, पाठीमागे एकेक पाऊल टाकत. त्याने विचारलं, “रापण कोण ओढता?” दहा-बारा हात वर. त्यात पडवीतल्या पाचांपैकी एक मुलगी. “दाखय बघू,” म्हणाला.

ती अनवाणी पुढे आली. घरून आणलेली गडद ट्रॅक पँट, ओढणी नाही. तिने दोरी धरली, कोपर सरळ ठेवलं, कंबर मागे टाकली आणि टाच रोवली. हाताने ओढलंच नाही. सगळं वजन पायांवर घेऊन एक पाऊल मागे. तिच्यामागे बाकीचे. समोरची, अंगाने दांडगी मुलं हातांनी हिसके देत होती आणि सरकत होती. छात्राध्यापकाने खेळ थांबवून विचारलं, “तिने काय वेगळं केलं?” मुलांनी सांगितलं. गुरुत्वमध्य, आधाराचा पाया, सगळं आलं, शब्द वेगळे होते इतकंच. ते शब्द त्याने नंतर दिले.

तिघी आता नेमाने खेळतात. चौथीला तिच्या घरून परवानगी नव्हती. मराठीच्या बाई तिच्या आईला दोनदा भेटल्या, आणि ती सध्या सभागृहातल्या तासांना येते, मैदानावर नाही. तेवढ्यावर आम्ही तूर्त थांबलो आहोत.

ऑगस्टमध्ये शेवटचा मूल्यमापनाचा पाठ झाला. उघडीप होती, चार चौकटी, सुंभ, टाळ्या, मुलांचा कलकलाट. रांग कुठेच नव्हती. निरीक्षकांनी पहिल्यापेक्षा थोडे कमी गुण दिले, ‘वर्गनियंत्रण सुधारावे’ असा शेरा मारला. मी त्यांच्याकडे वाद घातला नाही. स्टॉपवॉच पुढे केलं आणि शांतपणे सांगितलं, “ही एक मुलगी निवडली होती. ३५ पैकी १८ मिनिटं हलली.” त्यांनी घड्याळ हातात घेतलं, मुलीकडे बघितलं, आणि पुढच्या शाळेत हे करून बघतो म्हणाले. गुण बदलले नाहीत. छात्राध्यापकाला ते लागलं, आणि लागणारच. नोकरीच्या अर्जाला गुणपत्रिका जोडतात, स्टॉपवॉच कुणी जोडून घेत नाही.

माझ्याकडून मी दोन बदल केले आहेत. येणाऱ्या छात्राध्यापकाने पहिला आठवडा पाठ घ्यायचा नाही. पडवीत बसायचं, रोज एक मूल निवडायचं, घड्याळ लावायचं, आणि त्या मुलाच्या घराकडे जाणारी वाट कुठली हे माहीत करून घ्यायचं. आणि टाचणाच्या शेवटी मी हाताने एक रकाना आखून दिला आहे : ‘आज कोण हललं नाही?’ संख्या लिहायची नाही, नाव लिहायचं.

पाचवी मुलगी अजून बसतेच. गणवेश दोन आहेत, घरून ना नाही, डॉक्टरांनी तपासलं, तब्येत ठीक. मराठीच्या बाईंशी बोलते, पण या विषयावर गप्प होते. ती जूनमध्ये नववीत जाईल. नवीन छात्राध्यापक आला की त्याच्या वहीत त्या रकान्यातलं पहिलं नाव मी तिचं लिहून देणार आहे.